डेपो

नाव ठेवलं तेव्हा वाटलं नव्हतं
चौदा वर्षं हीच हाक मारावी लागेल.
उदगीरच्या बसस्थानकामागं, जुन्या टायरांच्या ढिगात
सापडलेलं पिल्लू.
अण्णांनी डब्याच्या पिशवीत घालून आणलं,
ग्रीसचा वास दोघांच्याही अंगाला.
आई म्हणाली, डेपोतली घाण घरी नगं.
त्यातलं डेपो तेवढं राहिलं.

मग रोज संध्याकाळी पाच-चाळीसला
तो कोपऱ्यावरच्या गिरणीपाशी जाऊन बसायचा.
अण्णा रिटायर झाले, तरी जायचा.
तेव्हा अण्णा पाचला मागच्या दारानं निघायचे,
गल्लीला वळसा घालून
गिरणीकडून चालत यायचे,
हातात रिकामी पिशवी.
कुत्र्यासाठी नव्हे, म्हणायचे,
जरा पाय मोकळे होतात.

यंदा डोळ्यांवर साय धरली.
दुधात भाकरी कुस्करून दिली
तर वाटीशेजारची फरशी चाटायचा.
रात्री उठून, दार समजून,
कपाटासमोर उभा राहायचा
कुणीतरी उघडेल म्हणून.
मन्मथनं एकदा उघडलंही.

जनावरांच्या दवाखान्यातली डॉक्टर पोरगी
पाठीवरून हात फिरवत म्हणाली,
काका, तुम्ही ठरवा. त्रास होतोय त्याला.
इंजिन चालूय का? अण्णांनी विचारलं.
हृदय चांगलं आहे, ती म्हणाली.
मग नगं.

येळवशीला मामाच्या शेतात नेलं,
टमटममध्ये, पोत्यावर निजवून.
कडब्याच्या कोपीला पाठ टेकवून बसवलं.
अण्णा मडकं घेऊन आंबील शिंपडत ज्वारीत शिरले
आणि हा नुसत्या नाकानं
त्यांच्या मागं मागं सगळं शिवार फिरला,
अंग जागेवरच.
भज्जीतला वालाचा एक दाणा, बोटावरची आंबील.
पंधरा दिवसांत पहिल्यांदा
शेपटी उठली, पडली.
आई म्हणाली, बघूलालाय बग सगळं.
काही दिसत नव्हतं त्याला.
आईलाही माहीत होतं.

निघताना अण्णाच म्हणाले,
उद्या त्या पोरीला इथंच बोलाव.
आणि रात्री कोपीतच थांबले त्याच्याजवळ.
थंडी होती. घोंगडं एकच.
सकाळी मी पोचले
तर त्याच्या कानाशी गाड्यांच्या वेळा सांगत होते:
देगलूर सात-दहा,
नांदेड साडेसात,
अहमदपूर... तिचं काही खरं नाही,
भरली की सुटते.

सुईला वेळ लागला नाही.
पोरगी म्हणाली, झालं.
अण्णांनी मनगटावर घड्याळ बघितलं,
सवयीनं.

आमच्यात माणसाला पुरतात, बसवून,
मांडी घालून, कपाळाला भस्म लावून.
मन्मथ खड्डा खोल घेत गेला,
छातीएवढा.
असा घे म्हणून कुणी सांगितलं नव्हतं.
वरची माती भेगाळलेली, खाली अजून ओल.
अण्णा त्याला बसवू लागले. मान टिकेना.
पुन्हा बसवलं. पुन्हा कलली.
बांधावरून आई म्हणाली,
अहो, जल्मभर बसलाच की तुमची वाट बघत.
आता निजू द्या.

मग आडवा केला,
नाक शेपटीत, थंडीत निजायचा तसा.
उशाला डब्याची पिशवी.
भस्म मात्र आईनंच लावलं,
दोन्ही डोळ्यांच्या मधोमध,
जिथं खाजवलं की तो मान वर करायचा.

त्या संध्याकाळी
मागच्या दाराची कडी वाजली.
मी पायात चपला सरकवल्या
आणि समोरून गिरणीकडं गेले,
तर आई तिथं आधीच उभी,
डबा कडेवर घेऊन.

दळण तर कालच आणलं होतं.